खरा दाब

९ जून

आज मासे आले. मत्स्यखात्याच्या टाकीगाडीतून, खात्याच्या अधिकारी होल्मबाई स्वतः बरोबर. चार हजार पिल्लं, प्रत्येक माझ्या करंगळीच्या पेराएवढं. गळ्याखालची लाल रेघ अजून उमटायची आहे. मासे आमच्याच ओढ्यातले, पण साठ वर्षांपूर्वी इथून संपले. माझ्या आजीने ते खाल्ले, आईने पाहिले, मी फक्त ऐकले. वर डोंगरातल्या एका तळ्यात थोडे उरले होते, त्यांची ही पिल्लं. आजवर ती खात्याच्या मोठ्या केंद्रात वाढायची. यंदा पहिल्यांदाच एका गावाला दिली, आणि ते गाव आमचं.

होल्मबाईंची अट साधी आहे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला चार हजारांतले बत्तीसशे जिवंत असले तर आमच्या ओढ्यात सोडायचे. नाहीतर उरलेले त्या परत नेणार आणि पुन्हा आमच्या पाण्याचं नाव काढणार नाहीत.

माशांचे हौद धुणं आणि खाणं घालणं बायकांनी पाळीपाळीने वाटून घेतलं. पाण्यातला प्राणवायू मोजायचं मीटर माझ्याकडे आलं. उबाल्डो मोंद्रागोन, ज्याचं गवत सगळ्यात जास्त, तो सगळ्यांसमोर म्हणाला, "सव्वीस वर्षं शाळेत घेवडा शिजवला, ती आता यंत्र चालवणार?"

मी म्हणाले, "तूही खाल्लायस तो घेवडा, तुझ्या पोरांनीही खाल्लाय. कधी कच्चा लागला का रे?"

मीटर मी घरी घेऊन आले.

११ जून

दोन दिवस पुस्तिका वाचते आहे. चौसष्ट पानं. शाळेच्या स्वयंपाकघरातला मोठा बंब आला होता तेव्हाही सगळी पुस्तिका वाचणारी मी एकटीच होते.

सेन्सर म्हणजे अंगठ्याएवढी नळी. टोकाला टोपी, टोपीला पारदर्शक पापुद्रा, कांद्याच्या आतल्या पापुद्र्याहून पातळ. त्यातूनच प्राणवायू आत जातो. टोपीत द्रावण थेंबाथेंबाने भरायचं, टिचकी मारून बुडबुडे काढायचे, मग टोपी हलक्या हाताने बसवायची. एक बुडबुडा चालत नाही, एक सुरकुती चालत नाही. बोट तर लावायचंच नाही. पहिल्या दोन टोप्या मी वाया घालवल्या. तिसरी अशी बसली की दिव्यासमोर धरून स्वतःच बघत राहिले.

एवढं झाल्यावर मीटरला रोज सकाळी ताळ्यावर आणायचं. सेन्सर ओल्या स्पंजाच्या बाटलीत ठेवायचा, पंधरा मिनिटं थांबायचं, आणि त्या वेळचा हवेचा दाब मीटरला सांगायचा. दाबावरून त्याला कळतं की हवेत प्राणवायू किती, आणि त्याच मापाने मग ते पाणी मोजतं. पान चौदावर जाड अक्षरात आहे: 'खरा दाब टाका.'

आता अख्ख्या खोऱ्यात खरा दाब कुणाच्या घरी असेल तर आमच्या. बाबांचा पितळी दाबमापक! त्यांनी टपालाने मागवला होता. आला तेव्हा काटा पार खाली, बावीस-तेवीस इंचांपाशी पडलेला. वाटेत कुठेतरी आपटला असणार. रेडिओ तर तीस सांगत होता. दुसरा कुणी असता तर परत पाठवला असता. बाबांनी पाठीमागचा स्क्रू दुपारभर जरा जरा फिरवला आणि काटा रेडिओशी जुळवला. पुढे चाळीस वर्षं, दर रविवारी चर्चहून आल्यावर ते दोन्ही ताडून बघायचे. आता मी बघते. केसाचा फरक नसतो.

आजचा दाब तीस पॉइंट शून्य आठ. मीटरला सांगितला. त्याने मुकाट्याने ऐकला.

१५ जून

ओढ्यातून निघणाऱ्या पाटाच्या काठी सगळ्यांना बोलावून डेल्फिनोकाकांनी करार वाचून दाखवला. काका आमचे पाटकरी. वय एकोणऐंशी. कुणाच्या गवताला किती तास पाणी हे त्यांच्या शब्दावर चालतं. हौदांना पाटाचं चौथाई पाणी मिळायचं. मीटरचा आकडा सहाच्या खाली गेला, म्हणजे लिटरमागे सहा मिलिग्रॅम प्राणवायूसुद्धा उरला नाही, की काकांनी पाटाच्या दाराची एक फळी काढून अर्धं पाणी सोडायचं. आकडा सहाच्या वर असला तर एक थेंब जास्त नाही. आकडा लिहायचा मी, फळी काढायची त्यांनी.

"म्हणजे आमच्या गवताचा जीव बेलाच्या डबीत," उबाल्डो म्हणाला.

"डबीत राहील तर सुरक्षित राहील," मी म्हणाले.

आजचा सगळ्यात कमी आकडा ८.३. वहीत लिहिला, शेजारी वेळ आणि पाण्याचं तापमान. रोजचा सगळ्यात कमी आकडा दर आठवड्याला होल्मबाईंना पाठवायचा आहे.

४ जुलै

गावात सणाची मिरवणूक झाली. मी गेले नाही. दुपारी दोन ते पाच आकडा सगळ्यात खाली येतो आणि ती वेळ मी कुणाला देत नाही.

सगळ्यात कमी ७.४. गेल्या तीन आठवड्यांत साताच्या खाली एकदाही नाही. उबाल्डोच्या बायकोने दोन डझन अंडी पाठवली. निरोप असा की बेलाबाईंच्या हाताला यश आहे, पहिली कापणी उत्तम झाली. कानामागून आली आणि तिखट झाली असं ज्या लोकांनी म्हटलं होतं, तेच आता पाटावर भेटले की आधी माझा आकडा विचारतात. मला आवडतं. खोटं कशाला लिहू?

मासे मात्र रोज दोन-चार मरतात. पिल्लांमध्ये एवढं चालायचंच.

१२ जुलै

डेल्फिनोकाकांशी वाजलं.

दुपारी अर्धा तास ते हौदापाशी उभे होते. मी सेन्सर पाण्यात हळूहळू हलवत होते. तो स्थिर धरला तर जवळचा प्राणवायू आपणच खाऊन टाकतो आणि कमी दाखवतो. हे सगळ्यांना कुठे ठाऊक असतं?

"बेला, ही पोरं बघ. सगळी पाणी पडतं तिथे गोळा झालीत."

"तिथे गार असतं म्हणून."

"कल्ले बघ त्यांचे. धापा टाकतायत."

"काका, सात पॉइंट एक."

"मी आकडा विचारला का? मी मासा दाखवतोय."

मी वही पुढे केली. त्यांनी बघितलीसुद्धा नाही. जवळ येऊन म्हणाले, "आकड्याशिवाय मला फळी काढता येत नाही. काढली तर उबाल्डो आणि कंपनी माझं टोपीसकट लोणचं घालतील. तू पाच पॉइंट नऊ म्हण. एकदाच म्हण. बघायला कोण येतंय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काका, माझ्या बापाने आयुष्यात कधी कुणाला खोटा दाबसुद्धा सांगितला नाही. खोटा आकडा ह्या हाताने लिहिला जाणार नाही."

त्यांनी टोपी डोक्यावर नीट बसवली. "बरं बाई. आकड्याला कल्ले नसतात," म्हणाले आणि गेले.

एवढा मोठा माणूस, आणि मला खोटं लिहायला सांगतो! वयामुळे नजरही गेली असेल. वाईट वाटलं.

१३ जुलै

तरी रात्रभर डोक्यात तेच होतं, म्हणून आज मीटरची पूर्ण झडती घेतली. पापुद्रा बदलला. सेन्सरमधली चांदीची पट्टी मऊ कापडाने पुसली. स्पंज नवा घातला. पुस्तिकेत आणखी एक परीक्षा आहे: एक पांढरी पूड पाण्यात टाकायची, ती त्यातला सगळा प्राणवायू गिळून टाकते. त्या पाण्यात सेन्सर बुडवला. आकडा घसरत घसरत ०.० वर येऊन थांबला.

जे शून्याला शून्य म्हणतं ते साताला सात का म्हणणार नाही?

दुपारी ७.०. शिल्लक मासे सदतीसशे चोवीस.

२० जुलै

ह्या आठवड्यात एकशे ऐंशी गेले. सकाळी जाळीवर पांढरी पोटं दिसतात. मी एकेक उचलून मोजते आणि लिहिते. आज जेवण गेलं नाही.

होल्मबाईंना फोन केला. म्हणाल्या, "तुमचे आकडे फार चांगले आहेत. म्हणजे हवा कमी पडत नाही. नमुने पाठवा, रोग असेल." 

२४ जुलै

आज त्यांचाच फोन आला. "रोग सापडला नाही. कदाचित तुमचं पाणीच ह्या माशाला आता मानवत नसेल, बाई. असं होतं कधीकधी."

आमचं पाणी मानवत नाही? ज्या पाण्यात त्यांचे पणजोबा जन्मले ते पाणी? मी फोन ठेवला आणि सेन्सर पुन्हा धुतला.

२६ जुलै

आर्सेनिया आली. माझी नणंद. जन्म इथलाच, पण पस्तीस वर्षं गॅल्व्हेस्टनला, समुद्राकाठी. दर उन्हाळ्यात आठवडाभर येते आणि आल्या दिवसापासून माझ्या घरात काय चुकतंय ते सांगते.

व्हरांड्याच्या तीन पायऱ्या चढली आणि खांबाला धरून उभी राहिली. तोंड उघडं, हात छातीवर.

"तुमच्याकडे हवेत काही राहिलंच नाही गं, बेला!"

"हवा आहे तेवढीच आहे. तू जाड झालीस."

"आणि तू खडूस. पाणी दे आधी."

सगळ्यात कमी ६.६. आकडा सहाच्या वर आहे. शिल्लक तेहेतीसशे दोन.

२९ जुलै, शनिवार

आज जे झालं ते नीट, क्रमाने लिहिते.

सकाळी आर्सेनियाने हट्टाने घेवडा करायला घेतला. म्हटलं, प्रेशर कुकर काढून देते. "छे! आमच्याकडे उघड्या भांड्यातच करतात, त्याची चव वेगळी." साडेतीन तास रटरटला आणि दाणे खड्यासारखेच. शेवटी मीच कुकरमध्ये ओतला. पाऊण तासात झाला.

डेल्फिनोकाका कॉफीला आले. बारा तारखेनंतर पहिल्यांदाच. आर्सेनिया त्यांची लाडकी, तिच्यासाठी आले, माझ्यासाठी नव्हे. रेडिओवर हवामान लागलं. "दाब तीस पॉइंट एक." मी दाबमापकाकडे बघितलं. तीस पॉइंट एक. नेहमीसारखी मान ताठ झाली.

"तीस?" आर्सेनिया म्हणाली. "आमच्याकडेही तीसच सांगतात."

"मग तीसच असणार."

"मग मला इथे दम का लागतो? आणि घेवडा का शिजत नाही?"

"डोंगरावर हवा विरळ असते, म्हणून. शेंबड्या पोरालाही माहीत आहे."

"विरळ असते तर दाब तोच कसा?"

काकांनी कॉफीचा घोट घेतला. "मासे महिनाभर तेच विचारतायत, बाई," म्हणाले.

मी हसले. खरंच हसले. मग बशा धुवायला उठले आणि तिसऱ्या बशीला माझे हात थांबले. विरळ हवा मला रोज माहीत आहे. सव्वीस वर्षं मी शाळेचा घेवडा कुकरमध्ये शिजवला तो ह्याच विरळ हवेमुळे. आणि रोज सकाळी ह्याच हातांनी मी मीटरला सांगते की हवा तीस इंच.

हात न पुसताच रेडिओ केंद्राला फोन लावला. फोनवरचा माणूस चांगला होता. म्हणाला, "बाई, आम्ही उंचीचा दाब त्यात मिळवून सांगतो, म्हणजे देशभरचे आकडे एका नकाशावर बसतात. तुम्ही समुद्राकाठी असता तर दाब किती असता, तो हा आकडा."

"आणि आम्ही जिथे आहोत तिथला?"

"थांबा, बघतो. खरा दाब बावीस पॉइंट सात."

खरा दाब, हाच शब्द त्याने वापरला. पान चौदावरचा.

बावीस पॉइंट सात. म्हणजे दाबमापक टपालातून आला तेव्हा काटा जिथे होता तिथे. तो आपटला नव्हता. तो बरोबर होता. बाबांनी एक दुपार खपून, प्रेमाने, त्याला चुकीचा केला. आणि पुढे चाळीस वर्षं दर रविवारी आमच्या घरात चूक चुकीशी ताडून बघितली गेली.

मी मीटर काढलं. स्पंजाच्या बाटलीत सेन्सर ठेवला. पंधरा मिनिटं थांबले. काका आणि आर्सेनिया दारात उभे होते. बावीस पॉइंट सात सांगितलं. हौदावर गेले, सेन्सर पाण्यात सोडला, हलवला.

५.०.

सात आठवडे मी वहीत सात लिहीत होते तेव्हा त्यांना साडेपाचसुद्धा मिळत नव्हतं. ते सगळ्यांदेखत गुदमरत होते, आणि मी त्यांच्यासमोर उभी राहून वही दाखवत होते. मला माझी इतकी लाज कधी वाटली नाही.

२९ जुलै, संध्याकाळ

शनिवार म्हणजे पाण्याची पाळी बदलायचा दिवस. पाटाच्या दारापाशी सगळे गवतवाले जमले होते. मी मीटर छातीशी धरून गेले. काका माझ्या आधी पोचले होते.

मी सांगितलं. पूर्ण सांगितलं, बाबांच्या स्क्रूसकट.

उबाल्डोने टोपी मागे सारली. "म्हणजे काल सात खरं होतं आणि आज पाच खरं? उद्या परत सात झालं तर?"

"उद्या बावीस पॉइंट सातवर जे येईल ते खरं."

"दुसरी कापणी तोंडाशी आलीय, बेला. अर्धं पाणी गेलं तर गवत वाळेल."

"वाळेल."

"आणि हे सांगणारी तू कोण? पाटात तुझा वाटा किती? नवऱ्याने जमीन विकली त्या दिवशी तुमचा वाटा संपला."

लोक खाली बघायला लागले. मला वाटलं होतं मी रडेन. पण रडू आलं नाही. "उबाल्डो, वाटा नाही ते बरोबर आहे. पण सात आठवडे तू ज्या पाण्यावर गवत वाढवलंस ते त्यांचं पाणी होतं. चूक माझी. पाणी त्यांचं."

काका म्हणाले, "आकडा?"

"पाच."

"मागच्यांना ऐकू आलं नाही."

"पाच पॉइंट शून्य!" मी ओरडले.

काकांनी वाकून फळीला हात घातला. एकोणऐंशी वर्षांचा म्हातारा, पण फळी एका झटक्यात वर आली. पाणी हौदांकडे वळलं. कुणी अडवलं नाही.

परतताना काकांनी ओले हात विजारीला पुसले. मग म्हणाले, "मी म्हणालो होतो, असं काही मी म्हणणार नाही हं."

"म्हणालात की आत्ता."

"मग झालं तर."

३१ जुलै

दोन दिवस वही दुरुस्त करते आहे. एकोणपन्नास दिवस. प्रत्येक जुन्या आकड्याशेजारी लाल शाईने खरा आकडा. ७.१ च्या शेजारी ५.४. ६.६ च्या शेजारी ५.०. एका दिवशी ६.३ होता, त्याच्या शेजारी ४.८.

आर्सेनिया म्हणाली, "अगं, कशाला हा छळ? पानं फाड आणि नवी वही कर. त्या होल्मबाईला काय कळणार आहे?"

"मला कळणार आहे."

"आता आणखी नाकाने कांदे सोलू नकोस. ही वही पाठवलीस तर ती मासे उद्याच्या उद्या उचलून नेईल."

नेईल कदाचित. तिचं म्हणणं खोटं नाही. पण १२ जुलैला मी काकांना ताठ मानेने जे सुनावलं होतं ते आता पाळायची वेळ आली आहे. जुना एकही आकडा खोडला नाही. पहिल्या पानावर लिहिलं: 'चूक बेलार्मिना गायेगोस हिची. मीटर निर्दोष आहे.' वहीची नक्कल काढून टपालात टाकली.

३ ऑगस्ट

बाबांवर रागवायचा प्रयत्न केला. जमेना. रेडिओ तीस म्हणतो आणि आपल्या घरी तेवीस, तर कुणीही म्हणेल आपलंच मोडकं आहे. गावच्या माणसाला असंच वाटतं. आपल्या वाट्याला पाऊणच हवा आली आहे हे कोण मानेल, आणि तीही खरी म्हणून?

पण मी आज आर्सेनियाला बसस्टँडवर सोडलं, तिची बॅग मीच उचलली, आणि ती दर वीस पावलांवर थांबत होती तेव्हा मनात आलं की ह्याच बावीस पॉइंट सातवर आम्ही पाट खणले, गवत कापतो, लग्नांत पहाटेपर्यंत नाचतो, पोरं जन्माला घालतो. तीस इंचांवर तर कुणीही जगेल. मला एकदम सगळ्या गावाचा अभिमान वाटला, उबाल्डोसकट.

दाबमापकाचा स्क्रू मी उलटा फिरवला. काटा तेवीसच्या जरा खाली बसला.

१२ ऑगस्ट

पाणी वाढलं तरी जे फार थकले होते ते जातच राहिले. आता थांबले आहेत. चार दिवसांत एकही नाही. दुपारी ६.४. मासे हौदभर पसरून पोहतात. पण शिल्लक एकतीसशे एक्केचाळीस. बत्तीसशेला एकोणसाठ कमी. ते कुठून आणू?

होल्मबाईंची चिठ्ठी आली. एकच ओळ: 'वही मिळाली. ३ ऑक्टोबरला येते, तेव्हा ठरवू.'

२ सप्टेंबर

उबाल्डोची दुसरी कापणी निम्म्यावर आली. अंडी बंद झाली. बायको मात्र खाणं घालायच्या तिच्या पाळीला न चुकता येते आणि मला न बघता माशांशी बोलते.

पापुद्रा बदलला. एका खेपेत बसला, सुरकुती नाही.

२२ सप्टेंबर

लाल रेघा उमटल्या. आज उन्हात पहिल्यांदा स्पष्ट दिसल्या, गळ्याखाली दोन्ही बाजूंनी. आईने सांगितल्या होत्या तशाच. मी डेल्फिनोकाकांना बोलावलं. त्यांनी गुडघे टेकून बघितलं आणि त्यांना उठवायला दोघं लागली.

३ ऑक्टोबर

होल्मबाई आल्या. दोन माणसं घेऊन दुपारपर्यंत मोजलं. एकतीसशे एक्केचाळीस.

मग त्यांनी स्वतःचं मीटर काढलं. त्यांचं नवं आहे, पडद्यावर रंगीत आकडे दिसतात. बाटलीत सेन्सर ठेवला आणि मला विचारलं, "दाब किती आज?"

"बावीस पॉइंट सहा. इथला."

दोन्ही सेन्सर शेजारी शेजारी पाण्यात सोडले. त्यांचं ६.९. माझं ६.९. माझ्या जुन्या मीटरचा मला असा अभिमान वाटला की त्याला तिथेच पुसत बसले.

त्या माझ्या स्वयंपाकघरात वही उघडून बसल्या. सगळी वाचली. मी समोर उभी. काका खुर्चीत.

"तुम्हाला एक सांगते," त्या म्हणाल्या. "जुलैअखेर मी तुमचं पाणी बाद केलं होतं. वरिष्ठांना पत्र लिहून तयार होतं. प्राणवायू भरपूर, रोग नाही, तरी मासे मरतायत, म्हणजे हा ओढा ह्या माशाला आता परका. ते पत्र गेलं असतं तर तुमच्या खोऱ्यात हा मासा पुन्हा कुणी आणला नसता. मग तुमची लाल शाई आली."

त्यांनी लाल शाईचं एक पान उघडलं.

"ह्या वहीप्रमाणे ही पिल्लं सात आठवडे पाचाच्या आसपास जगली. उन्हाळ्यात. आमच्या केंद्रात सहावर ठेवली तरी आम्ही घाबरतो." त्यांनी वही मिटली. "बत्तीसशेचा आकडा मी घातला होता, तुमचा प्राणवायू पुरेसा आहे असं धरून. ते गृहीतच चुकलं. मासे तुमच्या ओढ्यात जातील."

काका म्हणाले, "बेला, बस. पडशील."

मी बसले. आणि मग रडले, सगळ्यांसमोर, नाक वाहीपर्यंत. होल्मबाईंनी मला माझ्याच घरातला रुमाल दिला.

७ ऑक्टोबर

सोडले. बादल्यांनी, हातोहात, सगळं गाव रांगेत. ओढ्याचं पाणी ८.१, तापमान सात. आधी बादलीत ओढ्याचं पाणी थोडं थोडं मिसळलं, मग बादली आडवी केली. ते क्षणभर थांबले आणि मग प्रवाहाच्या उलट, वर गेले.

उबाल्डोने अकरा बादल्या उचलल्या. मी मोजल्या. शेवटची रिकामी केल्यावर टोपी काढून बराच वेळ काठावर उभा होता. "माझी आजी सांगायची ह्यांच्याबद्दल," एवढंच म्हणाला.

१४ ऑक्टोबर

पाटाची शरदातली सभा झाली. वाटेकऱ्यांचीच असते, त्यामुळे नवऱ्याने जमीन विकल्यापासून मी कधी गेले नव्हते. डेल्फिनोकाकांनी निरोप पाठवला, ये म्हणून. मी मागे, दाराजवळ उभी राहिले.

सभा हजेरीने सुरू होते. ज्याचा पाटात वाटा त्याचं नाव पुकारायचं. काका चष्मा लावून एकेक नाव वाचत होते. बाका? हजर. लुसेरो? हजर. मोंद्रागोन? हजर. यादी संपली. काकांनी पान उलटलं.

"मासे?"

लोक हसले. उबाल्डो म्हणाला, "काका, मासे ओढ्यात आहेत. सभेला कसे येणार?"

"ओढ्यात पाणी राहिलं तर ओढ्यात राहतील. पाण्याचा चौथाई वाटा त्यांचा, कायमचा. गेल्या आठवड्यात सगळ्यांनी सह्या केल्यात. तुझीही आहे, खाली, वेडीवाकडी. वाटा आहे म्हटल्यावर नाव पुकारायचं." त्यांनी चष्म्यावरून खोलीभर नजर फिरवली. "मासे?"

कुणी हसलं नाही. एकेक मान मागे वळली. उबाल्डोने सरकून त्याच्या बाकावर जागा केली.

काकांनी तिसऱ्यांदा पुकारलं, जरा मोठ्याने.

"हजर," मी म्हणाले.